ग्राइंडरचा घसा कुणी आवळला?

१

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, हुमनाबादच्या हायवेवर आप्पारावांच्या धाब्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत, कॉफी दळायच्या ग्राइंडरनं आधी 'घर्र' केलं, मग 'खट्' केलं आणि जीव सोडला. त्या वेळी खोलीत पाच माणसं होती. त्यातल्या दोघांना आतून बरं वाटलं, हे तुळजाला त्यांच्या तोंडावरून स्पष्ट दिसलं.

पहिले तिचे सासरे आप्पाराव. त्यांना या खोलीत पंक्चरचं दुकान हवं होतं. उदगीरचा एक पंक्चरवाला हवेचा पंप घेऊन यायला तयार बसला होता. दुसरा समोरचा चहावाला सिद्धप्पा. पुण्या-हैदराबादच्या गाड्या थांबल्या की पहिली धाव त्याच्या टपरीकडे असायची, आणि ती तशीच राहावी असं त्याला वाटणं साहजिकच होतं.

लग्नाआधी तुळजा दोन वर्षं हैदराबादला एका कॉफीच्या दुकानात काम करत होती. गाड्यांतून उतरणारी पोरंपोरी 'चांगली कॉफी मिळंल का' विचारतात आणि सिद्धप्पाच्या पावडरीची कॉफी अर्धी टाकून जातात, हे ती तीन वर्षं बघत होती. म्हणून या खोलीत कॉफीचं दुकान काढायचं तिनं ठरवलं. कॉफीच्या नव्या मशीनची किंमत ऐकून तिचा नवरा तानाजी यानं ती पुन्हा एकदा विचारली होती, म्हणून जुनी शोधली. हैदराबादच्या पगारातून मागं टाकलेलं सगळं तिनं त्यात घातलं. सासऱ्यांनी मुदत दिली होती गुरुवारी बारापर्यंत. तोवर कॉफी निघाली तर खोली तुळजाची, नाहीतर पंक्चरची.

मशीन विकली ती कलबुर्गीच्या श्रीशैलनं. घरी बसून कंप्युटरचं काम करणारा पोरगा, आता जर्मनीला निघालेला. रविवारी तुळजानं त्याच्या घरी स्वतः बिया दळल्या, स्वतः कॉफी काढली, दोन कप प्यायली. सोमवारी पहाटे पप्पूच्या टेम्पोतून ग्राइंडर आणि मशीन एकाच मोठ्या खोक्यात हुमनाबादला आले. आणि आता हे.

तुळजानं ग्राइंडर उलटा करून झटकला. बिया पडल्या, पण घशात जे काही होतं ते हललं नाही. वरचं भांडं काढायचं तर दोन स्क्रू खोलायला हवेत, आणि त्या दोन्ही स्क्रूंवर श्रीशैलनं पांढरं स्टिकर चिकटवलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. स्टिकर शाबूत असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत वस्तू परत आणा, पैसे घेऊन जा. फाटलं असेल तर तुमचं तुम्ही बघा.

"गंजलेली मशीन गळ्यात बांधली बघ त्यानं," आप्पाराव म्हणाले. खोकं उघडताना मशीनच्या चकचकीत कपाळावर एक पिवळा डाग दिसला होता, तो तुळजानं खोक्यातल्याच कापडानं पुसला होता. त्याचा हा उल्लेख.

पाचवा माणूस टेम्पोवाला पप्पू. तो काहीच बोलला नाही, आणि ही गोष्ट विचार करण्यासारखी होती. कारण पप्पू गप्प बसलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. तुळजानं त्याच्याकडे वळून बघितलं, तर दारात पप्पू नव्हता आणि रस्त्यावर टेम्पोही नव्हता.

२

मंगळवारी सकाळी तुळजानं आत्याला बोलावून घेतलं.

पद्माबाई आत्या बसमध्ये अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होत्या. बसवकल्याणपासून कलबुर्गीपर्यंत विनातिकीट बसलेला माणूस त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या, अशी त्यांची ख्याती होती. त्यांची पद्धत सोपी होती. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही. समोर उभं राहायचं, तळहात पुढं करायचा आणि वाट बघायची. रिटायर झाल्यावर त्या बसस्टँडजवळ एकट्या राहत होत्या आणि कंटाळून गेल्या होत्या, त्यामुळं निरोप मिळताच पोचल्या.

त्यांनी खुर्ची घेतली, चष्मा चढवला आणि खोकं मागितलं. खोक्याच्या एका बाजूला चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी होती. वाटेत कुणीतरी खोकं उघडून पुन्हा बंद केलं होतं. तानाजीनं लगेच पप्पूला फोन लावला. फोन बंद होता.

मग आत्यांनी ग्राइंडर मरण्याआधी त्यातून जी चमचाभर भुकटी निघाली होती ती कागदावर पसरली. काळ्या-तपकिरी भुकटीत पांढरी कणी होती. बिया ताज्या, चिकमगळूरच्या, तुळजानं स्वतः निवडलेल्या. त्यात पांढरं काही असायचं कारण नव्हतं.

"धुण्याची पावडर असंल," दारातून सिद्धप्पा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि तळहात पुढं केला. सिद्धप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पुरतं एक मिनिटही टिकला नाही. त्यानं कबूल केलं की मशीन बंद पडावी म्हणून त्यानं वीरभद्राला नारळ बोलला होता. बाकी त्यानं बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"फोडलास का नारळ?" आत्यांनी विचारलं.

"न्हाई अजून अक्का. आधी कायमची बंद पडल्याली बघायची, मग फोडायचा."

त्याला सोडून देण्यात आलं. देवाकडून काम करून घेणारा माणूस स्वतः हात काळे करत नाही, असं आत्यांचं मत पडलं.

आप्पारावांची उलटतपासणी जरा अवघड होती. सुनेची आत्या व्याह्यापुढं तळहात कसा पसरणार? त्यांनी पदर सावरून, पाव्हणं-पाव्हणं करत विचारलं. आप्पारावांनी मोठ्या मनानं उत्तर दिलं. ती वस्तू विजेवर चालते आणि आतून वाफ सोडते. तिच्यापासून ते चार हात लांबच उभे होते आणि पुढंही राहणार होते. खोटं असतं तर त्यांनी भीतीची गोष्ट सुनेसमोर कबूल केली नसती, हे तुळजालाही पटलं.

राहिला श्रीशैल. तुळजानं फोन केला तेव्हा तो सामान भरण्याच्या गडबडीत होता. त्याला बिचाऱ्याला खरंच आश्चर्य वाटलं. भरताना त्यानं एकदा चालवूनही बघितलं होतं. शेवटी त्यानं स्टिकरची आठवण करून दिली आणि बुधवार संध्याकाळ हा शब्द दोनदा म्हणाला.

एवढ्यात मागच्या नळावरून तानाजी आला. खोक्यातलं कापड चांगलं दिसलं म्हणून तो ते साबण लावून धुवायला गेला होता. कापड मोतिया रंगाचं होतं. तानाजीचा चेहराही त्याच रंगाचा झाला होता.

"तुळजा," तो हळू आवाजात म्हणाला, "मशीनवर रक्त हुतं."

त्यानं कापड उलगडलं. काल जो डाग पिवळा होता तो आज लालभडक झाला होता.

३

तुळजाला हसू फुटलं. तानाजीनं आयुष्यात पहिल्यांदाच कापड धुतलं असावं, याचा तो पुरावा होता. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरातल्या कुठल्याही बाईनं त्याला सांगितलं असतं. आत्यासुद्धा हसल्या, पण अर्ध्यात थांबल्या.

"म्हंजी गंज न्हवता," त्या म्हणाल्या. "हळद हुती. मशीनला हळद कुणी लावली?"

या घरात अजून कुणी लावलेली नव्हती. तुळजा गुरुवारी पूजा करणार होती. तिनं रविवारी मशीन तपासली तेव्हा तिच्या कपाळावर काहीच नव्हतं. म्हणजे हळद रविवार दुपार ते सोमवार सकाळ या वेळात लागली होती.

आत्यांनी ते ओलं कापड हातात घेतलं, काठ चाचपले, मग वीत लावून मोजलं. चार विती. त्या एवढंच म्हणाल्या, की अठ्ठावीस वर्षांत त्यांनी बसच्या टपावर पुष्कळ खोकी चढवली. लोक आत कागद कोंबतात, जुनी लुगडी कोंबतात, गवत कोंबतात. कोरं कापड कुणी कोंबत नाही.

तुळजाला यातलं काही कळेना. तिच्या डोळ्यांसमोर बुधवारची संध्याकाळ होती. मशीन परत दिली तर पैसे वाचत होते, पण खोली जात होती, कारण दुसरी मशीन दोन दिवसांत कुठून आणायची? स्टिकर फाडलं आणि आतली मोटरच जळालेली निघाली तर खोलीही गेली आणि पैसेही गेले. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, आणि सासऱ्यांनी न बोलता तिच्या ताटाकडे बघितलं.

बुधवारी दुपारी पप्पू सापडला. आत्यांनी त्याला शोधायला कुणाला पाठवलं नव्हतं. त्या हुमनाबाद नाक्यावर स्टुलावर बसून राहिल्या होत्या. कांदा घेऊन जाणारा पप्पूचा टेम्पो आज ना उद्या इथूनच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. तुळजा बाजूला उभी होती. पप्पूनं ब्रेक दाबला आणि आत्यांना बघून त्याचे खांदे पडले.

"कलबुर्गीला काय काय चढलं?" आत्यांनी विचारलं.

"एक खोकं, अक्का."

"हुमनाबादला काय उतरलं?"

"एक खोकं."

आत्यांनी तळहात पुढं केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता. पप्पूनं आरशात बघितलं, आत्यांकडे बघितलं, पुन्हा आरशात बघितलं. ट्रकवाल्यानं दुसऱ्यांदा हॉर्न दिला तेव्हा पप्पूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी चोरी केलो अक्का," तो म्हणाला. "पर तुमी समजायलाव ती न्हवं."

४

टेम्पो कडेला घेऊन पप्पूनं सगळं सांगितलं. कमलापूर सोडल्यावर प्रत्येक खड्ड्याला खोक्यात काहीतरी गडगडत होतं. काचेचं काही फुटलं तर आपल्या गळ्यात येईल म्हणून त्यानं गाडी थांबवली, पट्टी काढली. आत मशीनच्या बाजूला एक नारळ होता. खोक्यात नारळ कामून, हे त्याला कळलं नाही. पण राहू दिला तर मशीन फुटणार, म्हणून काढून पुढच्या सीटवर ठेवला. खोकं पुन्हा बंद केलं. नारळ द्यायचाच होता, पण ग्राइंडर बंद पडल्यावर त्याला वाटलं, हे आपल्यामुळंच झालं. देवाचा नारळ हलवला म्हणून. तो घाबरून निघून गेला.

"मग नारळ कुठाय?" तुळजानं विचारलं.

पप्पूच्या बायकोनं त्याची चटणी केली होती.

आत्यांनी फक्त एकच गोष्ट विचारली. नारळाला काही लावलेलं होतं का? पप्पू म्हणाला, शेंडीजवळ हळदकुंकू होतं, म्हणून तर एवढी भीती वाटायली.

आत्या स्टुलावरून उठल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी जेवढे फुकटे पकडले त्यातल्या एकालाही पकडताना त्या एवढ्या खूश झाल्या नसतील. खोलीवर आल्यावर त्यांनी ग्राइंडर टेबलावर मधोमध ठेवला आणि सगळ्यांना बोलावलं. आप्पाराव चार हात लांब उभे राहिले. सिद्धप्पा टपरी उघडी टाकून आला. पप्पूला पुढं बसवलं.

"पोरी, मी मोजते, तू ऐक," आत्या तुळजाला म्हणाल्या. "मशीनच्या कपाळाला हळद. चार विती कोरं कापड, म्हंजी बरूबर एक खण. एक नारळ, हळदकुंकू लावल्याला. अन भुकटीतली पांढरी कणी काय धुण्याची पावडर न्हवं. मी काल जिभंवर ठेवून बघितले. तांदूळ हाय. हळद, खण, नारळ, तांदूळ. आता तू सांग, ह्यात काय कमी हाय?"

तीन वर्षांपूर्वी बापाच्या दारातून निघताना तुळजाच्या पदरात हेच सगळं पडलं होतं, एकेक करून, आईच्या हातानं. काय काय होतं ते तिला पक्कं आठवत होतं.

"हळकुंड," ती म्हणाली. "अन सुपारी."

"व्हय. ती दोन कुठंच उतरल्याली न्हाईत. चढली असतील तर आत हाईत."

सगळ्यांनी ग्राइंडरच्या घशाकडे बघितलं. ओटी! कुणीतरी त्या यंत्राची ओटी भरली होती.

आप्पाराव म्हणाले, हे सगळं ऐकायला ठीक आहे, पण मशीनची ओटी कुणी भरतं का? मोटर जळाली असेल. चार वाजलेत. आत्ता निघालं तर अंधाराच्या आत कलबुर्गीला पोचून पैसे परत मिळतील, पोरीचं नुकसान तरी होणार नाही. हे त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच तुळजाला ते जास्त लागलं. तानाजीनं तिच्याकडे बघितलं. तो म्हणाला, तुझे पैसे आहेत, तू ठरव.

तुळजानं नखानं स्टिकरचा कोपरा उचलला. तिला आत्याच्या डोक्यावर भरवसा होता, पण भरवसा आणि खात्री यांत दोन वर्षांचा पगार अडकलेला होता. तिनं डोळे मिटले आणि स्टिकर ओढलं.

५

वरचं भांडं निघालं. सोमवारच्या घाईत बिया ओतताना त्यात कुणी डोकावलं नव्हतं. दळायच्या दोन चक्क्यांच्या मधोमध एक अख्खी सुपारी घट्ट बसली होती. तिच्या खाली हळकुंडाचे दोन तुकडे, आणि भोवती तांदूळ. तानाजीनं चिमट्यानं एकेक काढून आत्यांच्या तळहातावर ठेवलं. आत्यांनी तिकीट तपासावं तसं उलटसुलट करून ते बघितलं. बटण दाबल्यावर ग्राइंडर असा खणखणीत चालला की सिद्धप्पानं कपाळाला हात लावला.

पण आप्पाराव ते आप्पाराव. कॉफीचा वास धाब्यापर्यंत गेला तरी त्यांनी नवा मुद्दा काढला. जुनी वस्तू आहे. आज चालली, उद्या पुन्हा बंद पडेल. पंक्चरवाल्याला शब्द गेलाय, तो शुक्रवारी पंप घेऊन येणार. बघू, विचार करू. तुळजाला या 'बघू'चा अर्थ तीन वर्षांत चांगला कळला होता. मागच्या नळावर जाऊन तिनं चार कप पुन्हा पुन्हा धुतले आणि मनसोक्त रडून घेतलं.

गुरुवारी सव्वाअकराला धाब्यासमोर एक गाडी थांबली. हैदराबादच्या विमानतळाकडे निघालेला श्रीशैल उतरला, आणि मागून त्याची आई गुरुबाई. तिचं माहेर मंठाळचं, त्यामुळं मराठी अस्खलित. मुलाला पोचवायला निघालेली बाई, डोळे सुजलेले. तरी गाडीतून उतरल्या उतरल्या ती थेट खोलीत गेली आणि मशीनपुढं उभी राहिली.

"पोचली म्हणायची नीट," ती म्हणाली. मग तुळजाकडे वळून तिनं सहज विचारलं, "ओटीतला नारळ फोडलाव का?"

कोपऱ्यात कॉफी पीत बसलेल्या पप्पूला जोराचा ठसका लागला. श्रीशैल आईकडे बघतच राहिला.

"अव्वा, तू मशीनची ओटी भरलीस?"

"मशीनला पदर कुठाय रे? शेजारच्या डब्याला तोंड हुतं, म्हून त्यात घातली."

श्रीशैल चिडला असता. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण गुरुबाईनं मशीनवरून हात फिरवला आणि ती अगदी साध्या आवाजात बोलत राहिली. चार वर्षं ही घरात होती. दिवसभर पोरगं कानाला ते लावून बसायचं, आईशी बोलायला वेळ नसायचा. पण रोज सकाळी ही तापेपर्यंत दहा मिनिटं तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचा. "तेवढी दहा मिनिटं माझी हुती," ती म्हणाली. "घरातली लेकच झालती. रिकामी कशी धाडू?"

श्रीशैलनं मान खाली घातली. तुळजानं पाठ फिरवून कॉफी काढायला घेतली, कारण तिलाही काही दिसेनासं झालं होतं. आत्यांनी मुद्देमालाचा सगळा तपास पूर्ण झाल्यासारखा चष्मा काढून पुसला. ग्राइंडर कशानं बंद पडला होता, हे त्या खोलीत कुणीही त्या बाईला सांगितलं नाही. पप्पूनंसुद्धा नाही.

गुरुबाईनं कप संपवला. मग तिनं विचारलं की या घरातलं मोठं माणूस कोण? सगळ्यांनी आप्पारावांकडे बघितलं. ते नेहमीप्रमाणे चार हात लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. गुरुबाई त्यांच्यापुढं गेली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि दोन्ही हात जोडले.

"इवाई," ती म्हणाली, "लेक तुमच्या घरी दिलीया. वय झालंय जरा तिचं, कवा तरी कुरकुर करंल. सांभाळून घ्या. नांदवा तिला."

आप्पारावांनी आयुष्यात पुष्कळांना नकार दिले होते. तलाठ्याला दिले होते, पुढाऱ्याला दिले होते, सख्ख्या भावाला दिले होते. पण पोरीची आई हात जोडून समोर उभी असताना काय म्हणायचं असतं, याला या भागात एकच उत्तर आहे, आणि ते दुसरं काही म्हणू शकले नाहीत.

"नांदंल की," ते म्हणाले. "काळजी करू नका. आमच्या घरात पोरी सुखात राहतात." हे म्हणताना त्यांची नजर तुळजाकडे गेली आणि तिथून हलली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्याच वाक्याची लाज वाटली असावी.

गाडी हैदराबादकडे निघून गेली. बारा वाजायला पाच मिनिटं होती. आप्पारावांनी खिशातून फोन काढला, उदगीरच्या पंक्चरवाल्याला लावला आणि चार हात लांबचं अंतर पहिल्यांदाच ओलांडून मशीनच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"येऊ नकोस बाबा," ते फोनवर म्हणाले. "दोन सुना हाईत आता घरात. तुझा पंप ठिवायला जागा न्हाई."